उंबऱ्याच्या उंचीवर

निवृत्त झाल्यावर थोरल्याने पहिल्या महिन्यात घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. त्यानंतर घरात कुरकुरणारं काही उरलं नाही, एक तो स्वतः सोडून. जन्मभर बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून राबलेला माणूस. हाताचं काम सुटलं तसं तोंड कामाला लागलं. चहा पांचट का, खिडकी सताड उघडी का, पेपर उशिरा का. थोरली शिवणाच्या मशीनवर बसली की हा शेजारी उभा राहून दोऱ्याचा ताण किती असावा ते सांगायचा. उभा जन्म लोकांचे पडदे आणि शाळांचे गणवेश शिवण्यात गेलेल्या बाईला दोऱ्याचा ताण! शेवटी तिने हात जोडले.

"अहो, काहीतरी बांधा. काहीही बांधा. फक्त माझ्या मशीनपासून लांब."

ते त्याने मनावर घेतलं. दोन दिवस फोनवर कसले कसले व्हिडिओ बघत बसला आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "मागच्या अंगणात डेक करतो."

"डेक म्हणजे? जहाजावर असतो तो?"

"लाकडी ओटा म्हण हवं तर. मागच्या दाराला लागून. वर खुर्च्या टाकायच्या आणि बसायचं. माणसं घरच्या घरी करतात, काही अवघड नाही."

थोरली हसणार होती. पण हसता हसता थांबली आणि विचारलं, "केवढा उंच?"

"उंच कशाला? जमिनीपासून वीतभर."

"नको," ती म्हणाली. "उंबऱ्याला बरोबर लावा. दारातून पाऊल टाकलं की थेट डेकवर. त्या तीन पायऱ्या उतरताना माझा गुडघा कसा बोलतो ते तुम्हाला माहीत आहे."

गुडघा बोलायचा हे खरं होतं. पण तो रस्त्यावर बोलायचा, बाजारातल्या जिन्यावर बोलायचा, तेव्हा तिने त्याची कधी दखल घेतली नव्हती. मागच्या त्या तीन पायऱ्यांच्या वेळीच तिला त्याची आठवण झाली, याचं कारण वेगळं होतं. अंगणाच्या डाव्या हाताला भिंत होती. पुरुषभर उंच, वर सिमेंटचा गिलावा. अंगणात उभं राहिलं की भिंत आणि भिंतीवरचं आभाळ एवढंच दिसायचं. उंबऱ्याच्या उंचीवरून मात्र, दारापासून चार पावलं पुढे जाता आलं, तर भिंतीपलीकडे बघता येणार होतं.

पलीकडे तिची जाऊ राहत होती.

सासऱ्यांनी दोन मुलांसाठी खेटून दोन घरं बांधली आणि मागचं अंगण एकच ठेवलं. ते म्हणायचे, चुली वेगळ्या असाव्यात, ऊन एक असावं. थोरली त्या घरात आधी आली. काही वर्षांनी धाकटी आली. बारीक चणीची, दाणे टिपल्यासारखी जेवणारी आणि दिवसभर चिवचिव करणारी. थोरलीने पहिल्याच आठवड्यात तिचं नाव चिमणी ठेवलं. चिमणी तिला ताई म्हणायची, आणि सासूबाईंची नक्कल करायची असली की "अहो थोरल्या सूनबाई" म्हणायची. दोघींचं असं काही मेतकूट जमलं की शेजारणी म्हणायच्या, या जावा नव्हेत, जुळ्या आहेत. एकीच्या घरी पाहुणे आले की दुसरीच्या घरातली भांडी आपोआप उचलली जायची. थोरलीला मूल झालं नाही. धाकटीची मुलगी दोन्ही घरांत वाढली, आणि लहानपणी तिला कुणी विचारलं की तुझी आई कोणती, तर ती म्हणायची, "कुठली पाहिजे?"

मग सासूबाई आजारी पडल्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. थोरला म्हणाला, करू या. धाकटा म्हणाला, या वयात तिला चिरू नका, आहेत ते दिवस सुखाचे जाऊ देत. थोरल्याने सही केली. सासूबाई ऑपरेशनच्या टेबलावरून परत आल्या, पण घरी काही आल्या नाहीत. हॉस्पिटलच्या बोळात, दहा माणसांच्या देखत धाकटा म्हणाला, "तू मारलंस तिला." थोरला म्हणाला, "तू तर नुसता बघत बसला असतास." दोन भावांनी एकमेकांशी बोललेली ती शेवटची वाक्यं. पुढे सगळ्या बाबतीत त्यांचं वाकडं आलं; एकमत झालं ते फक्त भिंतीवर. एकाने विटा आणल्या, दुसऱ्याने गिलावा केला.

बायकांचं काय? पहिले काही महिने दोघी बाजारात भेटायच्या, चोरट्यासारख्या, भाजीच्या पिशव्या हातात घेऊन. मग घरी कळलं, कटकटी झाल्या. मग पुतणीचं लग्न ठरलं. आमंत्रण आलं ते छापील, दारात टाकलेलं. थोरला म्हणाला, माझा भाऊ तोंडाने बोलावेल तर येईन. थोरली रात्रभर रडली आणि गेली नाही. लग्नानंतर बाजारात एकदा चिमणी समोरून आली, थोरलीकडे बघितलं आणि दुसऱ्या गल्लीत वळली. त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली होती. आधी मला बोलवायला हवं होतं, असं एकीला वाटत राहिलं. आधी तिने यायला हवं होतं, असं दुसरीला. भिंतीपलीकडून बादलीचा आवाज यायचा, कधी खोकला, कधी रेडिओ. थोरली मशीन थांबवून ऐकायची आणि मग पुन्हा पाय चालवायची.

तर, उंची उंबऱ्याची ठरली.

थोरल्याने कुरकुर केली. उंची वाढली म्हणजे खांब वाढले, तुळया जाड झाल्या. पण त्याला काम हवंच होतं. त्याने खड्डे खणले, सिमेंट ओतलं, भिंतीहून उंच खांब उभे केले आणि मग ते उंबऱ्याच्या मापाने कापले. पाणसळ लावून लावून दोन्ही बाजूंच्या तुळया सारख्या केल्या. लोखंडाशी संसार केलेला माणूस लाकडापुढे मात्र हैराण झाला. लोखंड सांगाल तिथे बसतं. लाकूड आज सरळ असतं आणि उद्या सकाळी रुसून बसतं. एक फळी तर अशी वाकली की थोरल्याने तिला शिव्या घातल्या, नावं ठेवली, शेवटी तिच्यावर उभा राहिला.

"तिच्यावर नाचून काय होणार आहे?" थोरली म्हणाली. "उलटी करा. कापडालासुद्धा उभं-आडवं असतं. पोट खाली घ्या तिचं."

"लाकडाला पोट असतं?"

"तुम्हाला आहे, लाकडाला का नसावं?"

फळी उलटी केली. बसली. त्या दिवसापासून ती फळीचं एक टोक धरायची, तो दुसरं टोक धरून स्क्रू पिळायचा. दोन फळ्यांच्या मध्ये तो एक जाड खिळा ठेवायचा, म्हणजे फट सगळीकडे सारखी येते आणि पाणी खाली उतरतं. दाराकडून सुरुवात करून दोघं एकेक फळी पुढे सरकत होते, आणि थोरली मनातल्या मनात फळ्या मोजत होती. कारण कुठल्या फळीवर उभं राहिलं की भिंतीपलीकडचं दिसणार, याचा अंदाज तिने केव्हाच बांधून ठेवला होता.

ती फळी बसली त्या दिवशी थोरला स्क्रू संपले म्हणून दुकानात गेला. थोरली पदर खोचून पुढे गेली आणि भिंतीवरून बघितलं.

आधी तिला काही ओळखूच येईना. जिथे पूर्वी मोगऱ्याचे वाफे होते तिथे फरशी घातली होती. लिंबाचं झाड मात्र होतं तिथेच, चांगलं दांडगं झालेलं. त्याच्यापासून भिंतीतल्या खिळ्यापर्यंत दोरी बांधली होती आणि दोरीपाशी एक बाई पाठमोरी उभी होती. कापलेले, पांढरे, मानेपर्यंतचे केस. थोरलीला वाटलं, धाकटीची कुणी आत्या वगैरे आली असेल. मग ती बाई चवड्यांवर उंच झाली, चिमटा लावायला, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून. एवढ्याशा दोरीसाठी अशी धडपड जगात एकच बाई करायची.

चिमणी म्हातारी झाली होती. आपण झालोय हे थोरलीला आरशात रोज दिसायचं, त्याचं काही वाटायचं नाही. पण हिला म्हातारं व्हायला कुणी सांगितलं होतं? आणि तेही माझ्या डोळ्यांआड?

चिमणीने वळूनही बघितलं नाही. टोपली उचलली आणि आत गेली.

थोरला परत आला. फळीवर चढला, आणि त्यालाही दिसलं. तो भिंतीकडे तोंड करून जरा वेळ उभा राहिला. थोरलीला वाटलं, आता हा म्हणणार, सगळं उतरवा आणि वीतभर उंचीवर नव्याने लावा.

"त्या बाजूला आडोसा करावा लागेल," तो म्हणाला. "उभ्या पट्ट्या ठोकू. नाहीतर त्यांना वाटेल, आपण त्यांच्या घरात डोकावतोय."

"आडोसा कशाला? वारा अडेल."

"वाऱ्यापुरत्या फटी ठेवतो."

"नको म्हणते ना मी."

तो तिच्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोच्या 'नको'चे सगळे प्रकार त्याला पाठ होते, पण हा प्रकार नवा असावा. "बरं," तो म्हणाला. "शेवटी बघू."

दुसऱ्या दिवशी दोरीवर चादरी आल्या. चांगल्या डबल बेडच्या, पलीकडचं सगळं अंगण झाकून टाकणाऱ्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा चादरी, आणि त्यांच्या जोडीला रजया. चौथ्या दिवशी पडदे. थोरलीला काय समजायचं ते समजलं. इकडून आडोसा झाला नाही, म्हणून तिकडून झाला. एवढा राग? असू दे. मग असू दे! ती फळीचं टोक इतक्या जोराने धरायला लागली की थोरला म्हणाला, "अगं, सोड जरा, स्क्रू शिरत नाही."

त्या रागाच्या भरात तिने दोन दिवस भिंतीकडे बघितलंच नाही. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, थोरला पुन्हा दुकानात गेलेला असताना, वारं सुटलं. पलीकडून एक चादर उडाली, भिंतीवर येऊन आडवी पडली आणि अर्धी अलीकडे लोंबायला लागली. आता आणखी एक झोत आला की ती सिमेंटच्या ढिगात पडणार, हे दिसत होतं. थोरली धावली. गुडघा बोलला की नाही, कुणास ठाऊक. तिने चादरीची दोन टोकं पकडली, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी तिची दुसरी दोन टोकं ओढली.

भिंतीवर पांढरे केस वर आले, मग कपाळ, मग डोळे. चिमणी स्टुलावर चढली होती.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मध्ये चादर.

"सोड," चिमणी म्हणाली. आवाज तोच होता.

"ओली आहे अजून."

"वाळेल. सोड."

"चिमणे," थोरली म्हणाली, "मी मुद्दाम बघत नव्हते गं. म्हणजे बघतच होते. तुझ्यासाठीच तर हे एवढं उंच करवून घेतलंय त्यांच्याकडून. आणि तू चादरी काय लावतेस माझ्या तोंडावर!"

चिमणीचा चेहरा असा काही झाला की थोरलीला कळेना, ती आता रडणार आहे की भांडणार आहे.

"तोंडावर?" ती म्हणाली. "ताई, अगं मी रोज तो हातोडा ऐकतेय. खांब वर आलेले दिसले मला. मला वाटलं, तुम्ही भिंत वाढवताय. एवढी भिंत पुरली नाही, आणखी वर नेताय. मी यांना म्हटलंसुद्धा, बघा, आता आभाळपण वाटून घेतायत."

थोरलीला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग कुठलं काय हेच तिला उमगेना. दोघींच्या हातांत चादरीची टोकं तशीच होती. पुसायला हात मोकळा नव्हता.

"घडी घालू या," थोरली म्हणाली.

"ओल्या चादरीची?"

"घालू या गं."

लग्न होऊन आल्यापासून त्या दोघी अशाच घड्या घालायच्या, समोरासमोर उभ्या राहून, एक झटका देऊन, टोकाला टोक जोडत एकमेकींकडे चालत यायच्या. आता चालायला जागा नव्हती. एक डेकच्या काठावर, एक स्टुलावर. त्यांनी चादर भिंतीवर दुमडली, पुन्हा दुमडली, आणि शेवटची टोकं एकीने दुसरीच्या हातात दिली तेव्हा चिमणीची बोटं थोरलीच्या बोटांना लागली. गार, ओली आणि खरखरीत झालेली बोटं. चिमणीने ती काढून घेतली नाहीत.

"एवढ्या चादरी धुतल्यास कशाला?" थोरलीने विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणूनच विचारलं.

"न्यायच्या आहेत."

"कुठे?"

चिमणीने भिंतीच्या गिलाव्यावरून हात फिरवला. "लेकीकडे. तिला दुसरं झालंय. नोकरी, दोन पोरं, तिची ओढाताण होते. यांचंही दुकान सुटलं, डोळ्यांनी दगा दिला. जन्मभर लोकांना चष्मे विकले आणि स्वतःलाच दिसेनासं झालं. घराला गिऱ्हाईक मिळालंय. पुढच्या आठवड्यात निघतोय."

पुतणीला दुसरं झालं हे थोरलीला आज कळत होतं. पहिलं झालेलंही कानावर आलं होतं ते दूधवाल्याकडून.

"तू आधी सांगायचंस," एवढंच ती म्हणाली.

"कशी सांगणार होते? भिंतीला?"

पुढे आठवडाभर दुपारी दोघी भिंतीशी असायच्या. चिमणी स्टूल लावायची, थोरली डेकवर मांडी घालून बसायची. सांगायचं इतकं साठलं होतं की त्याला क्रमच राहिला नव्हता. मध्येच एकदम बाळंतपण, मग एकदम कुणाची तरी मावसबहीण, मग लग्नातल्या गोष्टी. लेकीने लग्नात नेसलेल्या साडीचा फॉल शिंप्याने वाकडा लावला होता, आणि मुलगी म्हणाली होती की काकूने लावला असता तर असा झाला नसता. हे चिमणीने सांगितलं आणि थोरली उठून आत गेली. पाणी प्यायला म्हणून गेली, ती बऱ्याच वेळाने आली.

"मी दारापर्यंत आले होते," ती परत आल्यावर म्हणाली. "लग्नाच्या दिवशी. चप्पल घातली होती."

"मग?"

"मग काढली."

चिमणी म्हणाली, "आणि मी दर पाच मिनिटांनी मांडवाच्या तोंडाशी बघत होते. लोकांना वाटलं, बाई व्याह्यांची वाट बघतेय."

कधी कधी नुसत्याच गप्प बसायच्या. मग चिमणी सासूबाईंचा आवाज काढायची, "अहो थोरल्या सूनबाई, आज बोलायचं नाही असं ठरलंय का?" आणि पुन्हा गाडी सुरू.

त्या आठवड्यात थोरल्याने स्क्रूच्या दुकानात इतक्या चकरा मारल्या की तेवढ्या स्क्रूंनी सगळं घर पृथ्वीला पिळून बसवता आलं असतं. दुपार झाली की त्याला आठवायचं, वॉशर राहिले. सँडपेपर राहिला. ब्रश राहिला. जाताना तो दार मुद्दाम मोठ्याने लावायचा. थोरलीला कळत होतं, आणि आपल्याला कळतंय हे तिने त्याला कळू दिलं नाही. आडोशाच्या पट्ट्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. त्यांना कुणी हात लावला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी थोरला डेकला तेल पाजत होता. गुडघ्यांवर बसून, ब्रशने, फळीच्या रेषेरेषेने. थोरली दारात उभी होती. तेवढ्यात भिंतीपलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज झाला. चिमणी असेल असं तिला वाटलं. पण वर आलं ते टक्कल आणि जाड भिंगांचा चष्मा. धाकटा होता.

थोरल्याचा ब्रश थांबला. त्याने वर बघितलं, आणि पुन्हा फळीकडे बघून ब्रश चालवायला लागला.

मग धाकटा म्हणाला, "पाण्याला ढाळ दिलायस का?"

"दिलाय."

"कुठल्या बाजूला?"

"माझ्याच."

"हं." धाकट्याने मान लांब करून बघितलं. "फटी बारीक वाटतायत. पाण्याने फळ्या फुगल्या तर उचलतील."

"तुला बारीकच दिसणार. चष्मा पूस."

"पुसलाय."

"फटी बरोबर आहेत. खिळा घालून मापल्यात."

"तू लोखंडवाला. तुला लाकडातलं काय कळतं?"

"आणि तुला काचेतलं कळून काय उपयोग झाला?"

थोरलीने डोळे मिटून घेतले. आता पुन्हा तेच, तिला वाटलं. पण धाकटा हसला होता. नाकातून, फुस्स करून, लहानपणी हसायचा म्हणे तसंच. थोरला हसला नाही, पण ब्रश ठेवून उठला, कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. दोघं भाऊ भिंतीच्या दोन बाजूंनी डेककडे बघत राहिले, जणू ते कुणा तिसऱ्याचं काम होतं.

"आईला आवडलं असतं इथे बसायला," धाकटा म्हणाला.

"हो," थोरला म्हणाला. "सकाळचं ऊन येतं इथे."

"येतं का?"

"चांगलं येतं. नऊ वाजेपर्यंत असतं."

याच्यापुढे दोघं गेले नाहीत. माफी नाही, कढ नाही, गळामिठी तर नाहीच. धाकटा म्हणाला, "चल, बांधाबांध राहिलीय," आणि स्टुलावरून उतरला. थोरला खाली बसला, ब्रश उचलला आणि एकाच फळीला इतका वेळ तेल लावत बसला की ती बाकीच्यांपेक्षा काळी झाली.

त्या दुपारी चिमणी म्हणाली, "ताई, उद्या समोरून येऊ नकोस. दारात तुला बघितलं तर मला गाडीत बसता यायचं नाही."

"बरं."

"इथेच थांब. तू इथे आहेस हे मला माहीत असेल."

म्हणून सकाळी थोरली डेकवर थांबली. समोरच्या रस्त्यावर टेम्पो आल्याचं तिला ऐकू आलं. कपाट उतरवताना कुणीतरी "सांभाळून, सांभाळून" ओरडत होतं. भांड्यांची पोती. धाकट्याचा खोकला. मग बराच वेळ शांतता, आणि मग दाराला कुलूप घातल्याचा खटका. चिमणीचा आवाज काही आला नाही. टेम्पो सुरू झाला, वळणावर गिअर बदलला, आणि त्याचा आवाज इतर आवाजांत मिसळून गेला. तरी थोरली कान देऊन होती. आता गेला, आता गेला म्हणेपर्यंत तिला तो ऐकूच येत राहिला.

पलीकडच्या अंगणात दोरी तशीच होती. लिंबाखाली दोन-चार पिकलेली लिंबं पडली होती. ती वेचायची राहिली, असं थोरलीच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचाच इतका संताप आला की ती मोठ्याने म्हणाली, "दहा वर्षं हाकेच्या अंतरावर होती!" कुणी ऐकलं नाही. आधी भिंतीपलीकडून बादलीचा आवाज तरी यायचा. आता तोही नव्हता. पूर्वी तिला चिमणी नव्हती, पण चिमणी तिथे आहे एवढं होतं, आणि त्या एवढ्यावर आपण किती दिवस काढले, हे तिला आत्ता कळत होतं.

थोरल्याने त्या दिवशी चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार केली नाही. तिने चहात साखर घातलीच नव्हती.

फोन यायचे. पण चिमणीला फोनवर बोलता यायचं नाही. मागे पोरं किंचाळायची, ती मध्येच "अरे ते तोंडात घालू नकोस!" म्हणायची, आणि काय चाललं होतं ते दोघीही विसरायच्या. "तू बरी?" "बरी. तू?" "बरी." भिंतीशी तासन् तास बोलणाऱ्या बायका, आणि फोनवर दोन मिनिटांत कोरड्या. ठेवल्यावर थोरलीला आठवायचं, अरे, हे सांगायचं राहिलं, ते विचारायचं राहिलं. मग ते मनात घोळवत ती मशीन चालवायची.

एके दिवशी संध्याकाळी थोरल्याचा फोन वाजला. त्याने नंबर बघितला, घसा साफ केला आणि उभं राहून घेतला.

"बोल," तो म्हणाला. मग, "हं." मग बराच वेळ ऐकत राहिला. "चिखल? किती? घोट्यापर्यंत?... नाही नाही, नुसती फरशी टाकून चालणार नाही, खचेल. आधी मला सांग, दाराचा उंबरा जमिनीपासून किती वर आहे?... टेपने मोज. डोळ्यांनी मोजू नकोस, तुझ्या डोळ्यांचा काय भरवसा. लेकीला मोजायला सांग."

थोरली मशीनवरून उठली. पुतणीच्या घरामागे चिखल होतो, पोरं त्यात लोळतात, आणि धाकट्याला तिथे डेक हवा आहे, एवढं तिला इकडच्या बाजूवरून समजलं. थोरला फोन कानाला लावून डेकवर फेऱ्या मारत होता. खांब कितीवर घ्यायचे, सिमेंट ओतून किती दिवस हलवायचं नाही, फळीचं पोट कुठल्या बाजूला करायचं. इतकी वाक्यं सलग बोलताना तिने त्याला निवृत्तीच्या निरोप समारंभातही ऐकलं नव्हतं.

"लाकडाला पोट असतं म्हणजे काय! असतं. तुला आहे की नाही?... मग? ... नाही, तू एकट्याने करू नकोस. वाट लावशील. मी येऊन बघतो. यायचं म्हणजे हत्यारं घेऊन यावं लागेल. बघतो म्हटलं ना."

"मला द्या," थोरली म्हणाली.

त्याने एक बोट वर केलं. थांब.

ती थांबली. तो सांगत होता की स्क्रू गंजणारे घेतलेस तर मी तिथून उठून निघून येईन. पलीकडून काहीतरी उत्तर आलं, आणि थोरला चक्क हसला. मग पुन्हा मापं. मग पुन्हा ढाळ. थोरली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. अंधार पडायला लागला होता, पलीकडच्या घरात नव्या माणसांनी दिवा लावला होता आणि कुणीतरी नळ सोडला होता. तिला वाटलं, माणसं येतात, नळ सोडतात, दिवे लावतात. लावू देत. त्यांचं काही चुकलेलं नाही.

"अहो, द्या ना."

"एक मिनिट, ही मागे लागलीय," थोरला फोनमध्ये म्हणाला. "तूही तिला दे. आणि टेप विकत घे, उसना आणू नकोस." त्याने फोन पुढे केला.

थोरलीने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. तिकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खुडबुड झाली. झाकण पडल्याचा आवाज, पोराचं रडणं, लांबून कुठल्यातरी गाडीचा हॉर्न. आणि या सगळ्याच्या अलीकडे, अगदी कानाजवळ, धाप लागलेला श्वास. धावत आली असणार.

"ताई?" चिमणी म्हणाली. "बोल ना. गप्प का?"

"बोलते गं," थोरली म्हणाली. "आधी तू जरा टेक कुठेतरी. मला घाई नाही."